सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी पाजावं का?

मानेवाड्याची माय
आमच्या कॉलनीत या वर्षी बऱ्याच जणी बाळंत झाल्या. संध्याकाळी बाळं घेऊन गच्चीवर जमलो की झोप, शी-शू, पोटदुखी हेच विषय. या आठवड्यात मात्र पाण्यावरून चांगलंच वाजलं. एकीच्या सासूबाई तीन महिन्यांच्या लेकराला दुपारी उकळून गार केलेलं पाणी पाजतात. दुसरीला तिच्या डॉक्टरांनी सहा महिने थेंबही नको म्हणून बजावलंय.

माझं मत ठाम आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचं पाणी नको, पारा ४५ च्या वर गेला तरी नको. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, आणि गरम प्रदेशांसाठीही तेच सांगते. आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. बाळाचं पोट केवढंसं! त्यात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. बाळ कमी ओढतं, म्हणून दूधही कमी तयार होतं, आणि मग 'दूध पुरत नाही' म्हणत डब्याचं दूध सुरू होतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

महालची आजी
पोरींनो, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या आहात, पण माझंही ऐकून घ्या. महालातल्या आमच्या घरावर टिनाचे पत्रे होते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी घर भट्टीसारखं व्हायचं. दूध पिऊनही लेकरू किरकिर करून राहायचं, ओठ सुकायचे, टाळू खाली बसायची. उकळून, गाळून घेतलेलं पाणी बोंडल्यानं पाजलं की शांत झोपायचं. माझी सगळी लेकरं अशीच वाढली आणि सगळी ठणठणीत आहेत.

तुम्ही म्हणता आईचं दूध पुरतं. अगं, पण ती आई दुपारी गॅसपुढं उभी राहून घरादाराच्या पोळ्या लाटते, घामानं निथळते. तिला दूध येईल कुठून? ज्या घरात तिला लेकराजवळ टेकायला मिळत नाही, तिथं चमचाभर पाणी बंद करून काय साधणार?

प्रसूती वॉर्डातली सिस्टर
आजी, तुम्ही टाळूचं लिहिलंत म्हणून थांबून उत्तर देते. टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, शू कमी झाली, बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं, तर ती दवाखाना गाठायची वेळ असते. पाणी पाजल्यावर बाळ गप्प होतं कारण पोट भरल्यासारखं वाटतं. त्या पाण्यातून अंगाला ताकद काही मिळत नाही, आणि घरच्यांना वाटतं की झालं, बरं झालं. त्यात वेळ जातो.

दुसरं म्हणजे, एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी मोठ्यांसारखी झटकन बाहेर टाकू शकत नाहीत. पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते खूप उतरलं तर झटके येतात. एका चमच्यानं असं होत नाही, हे मान्य. पण एकत्र कुटुंबात तो चमचा कोण मोजतं? सकाळी आजी देते, दुपारी आत्या देते, शेजारीण आली की तीही देते. शिवाय बोंडल्याच्या चोचीत आत हात जात नाही, ती नीट धुतली जात नाही. उन्हाळ्यात लेकरांना हगवण लागते त्यात अशा भांड्यांचा वाटा मोठा असतो.

बाळाला पुरतंय की नाही हे लंगोटावरून कळतं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू, तीही फिकट, आणि वजन वाढतंय, म्हणजे पाणी पुरतंय. उन्हाळ्यात बाळ घडीघडी मागतं आणि थोडंथोडंच पितं. तहान भागवण्याची त्याची तीच रीत आहे, तेव्हा मागेल तितक्यांदा घ्यायचं.

खामल्याचा बाबा
'थेंबही नको' हा नियम सगळ्यांच्या माथी मारू नका. आमची मुलगी काही कारणानं पहिल्यापासून डब्याच्या दुधावर आहे. आमच्या डॉक्टरांनी कडक उन्हाच्या दिवसांत फीडच्या मध्ये उकळून गार केलेलं थोडं पाणी चालेल असं सांगितलं, किती द्यायचं तेही सांगितलं. इथलं वाचून माझी बायको रात्रभर काळजीत होती.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर
दादा, तुमचं बरोबर आहे. वरच्या दुधावरच्या बाळाचं गणित वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच चालू द्या. एकच सांभाळा: उन्हाळा आहे म्हणून पावडरीत पाणी वाढवायचं नाही. डब्यावर लिहिलंय त्याच मापानं दूध करा. पातळ दूध पिऊन वजन न वाढलेली बाळं आम्ही बघतो.

वर्धा रोडची मास्तरीण
सहा महिने अंगावरच पाजा म्हणणं सोपं आहे. कायद्यात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर बाळ चार महिन्यांचं होताच कामावर हजर व्हावं लागतं. मी कंत्राटावर शिकवते, मला तेवढीही मिळाली नाही. दूध काढून ठेवा असं सगळे सांगतात. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हे २५ अंशांपर्यंतच खरं, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात २५ अंश कधी असतात? फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण लाइट गेली की माझ्या आईचा जीव वरखाली होतो आणि ती पाण्याची वाटी पुढे करते. तिला मी दोष देणार नाही.

मानेवाड्याची माय
दोष मीही देत नाही. पण उपाय पाण्याची वाटी नाही न! दूध काढल्या-काढल्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. शाळेत न्यायला बर्फाचे पॅक घातलेली पिशवी मिळते. आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं त्याच कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. ते आपण मागतच नाही.

यवतमाळची लेक
तुम्ही सगळ्या लेकराच्या पाण्यावरून भांडून राहिल्या. बाळंतिणीच्या पाण्याचं कोणी बोलेना! मी मेच्या मध्यात बाळंत झाले. कानात कापूस, डोक्याला रुमाल, खिडक्या बंद, कूलर बंद, वरून शेगडीचा शेक. पाणी मागितलं तर पेल्यातला अर्धा पेला, तोही कोमट, कारण जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं म्हणे. रात्री जीभ टाळूला चिकटायची. आणि सकाळी तीच माणसं म्हणायची, 'हिला दूधच येत नाही, लेकराला चमचाभर पाणी द्या.' जिच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं तिला तहानलेली ठेवायची आणि पाणी लेकराला पाजायचं, ही कुठली रीत?

मानेवाड्याची माय
हे तर मूळच आहे! आजी, तुम्हीही हेच सांगत होतात की आई घामानं निथळते. मग तिथूनच सुरुवात करू या. पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या हवा. दुपारच्या पोळ्या दुसऱ्या कोणी लाटायच्या, नवऱ्यानं लाटल्या तरी चालतील. ताक, पन्हं, डाळीचं पाणी, जे पचतं ते द्या. आणि खोलीत कूलर लावा.

महालची आजी
पाण्याचं मला मान्य आहे. ओवा घालून उकळलेलं पाणी मी माझ्या सुनेला मागेल तेवढं दिलं, अडवलं नाही. पण कूलरला माझा विरोध आहे. ओल्या बाळंतिणीला गार वारा लागला की सांधे धरतात, लेकराला सर्दी होते. शेक बंद करा म्हणाल तर तेही मी ऐकणार नाही. त्यानं कंबरेला आराम पडतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर
कंबर शेकायची तर गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्या धुरानं आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. कूलरचा झोत अंगावर घेऊ नका, भिंतीकडे वळवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. बाळाला एक सुती झबलं पुरे, घरात टोपरं नको. मानेमागे हात लावून बघा. तिथं घाम असेल तर कपडे जास्त झालेत. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास त्याच पाण्यात होतो, त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

खामल्याचा बाबा
सहा महिने झाल्यावर काय? आमचे दोन आठवड्यांनी पूर्ण होतात.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर
भाताची पेज, वरणाचं घट्ट पाणी, कुस्करलेलं केळं सुरू कराल तेव्हा त्याबरोबर छोट्या वाटीनं पाण्याचे घोट द्या. दूध चालूच ठेवा. विकतचा रस नको. आणि मध वर्ष होईपर्यंत चाटवायचा नाही, घुटीतही नाही. त्यातल्या जिवाणूंनी लहान बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा आजार, होऊ शकतो.

महालची आजी
मधाचं मी आमच्या डॉक्टरांना विचारेन. बोंडलं सध्या कपाटात ठेवलंय. पण लेकराची टाळू बसलेली दिसली तर रिक्षा येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसणार नाही.

यवतमाळची लेक
तेव्हा त्याला आईजवळ द्या, आजी. रिक्षातही पाजता येतं.