फ्रेंच : टोपीवाला 'यू' आणि 'फ्यू', म्हणजे प्ल्यूस-क-पार्फे द्यू सबजंक्टिव्ह

कोरीपाटी : नमस्कार. बी-टू (वरच्या मध्यम) पातळीपर्यंत फ्रेंच झालं आहे. सबजंक्टिव्हचा (इच्छा, भीती, शंका यांसाठीच्या क्रियापद-रूपांचा) वर्तमान आणि पासे (भूतकाळ) नीट येतात. जुन्या कथा-कादंबऱ्या मुळातून वाचताना मात्र दर पानावर 'इल यू' नाहीतर 'इल फ्यू' आणि पुढे पार्तिसिप पासे (भूतकाळवाचक धातुसाधित) दिसतं. कधी यू या अक्षरावर टोपी असते, कधी नसते. कधी अर्थ 'झालं असतं' लागतो, कधी 'झालं होतं'. हे रूप बनतं कसं, आणि वाचताना अर्थ कसा ठरवायचा? स्वतः लिहिताना वापरावं का?

(फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेलिंगचा प्रश्न येईल तिथे अक्षरं सांगावीत.)

खडूफळा : बनवायला सोपं आहे. आव्हवार (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या सहायक क्रियापदाचा इंपार्फे (अपूर्ण भूतकाळ) द्यू सबजंक्टिव्ह घ्यायचा आणि पुढे पार्तिसिप पासे ठेवायचं. अडचण पहिल्या भागाची असते, कारण तो हल्ली वर्गात शिकवतच नाहीत. तो पासे सँपलमधून (लेखी भाषेतल्या साध्या भूतकाळातून) निघतो. ('त्यू' म्हणजे तू.) पासे सँपलचं 'त्यू'चं रूप घ्या. आव्हवारचं ई-यू-एस, एत्रचं एफ-यू-एस. त्याला एस-ई जोडा.

आव्हवार : ज्यूस, त्यू यूस, इल यू, नू-ज्यूस्यों, व्हू-ज्यूस्ये, इल-ज्यूस.
एत्र : ज फ्यूस, त्यू फ्यूस, इल फ्यू, नू फ्यूस्यों, व्हू फ्यूस्ये, इल फ्यूस.

(पहिल्या ओळीतला 'ज्यूस' फळांचा नव्हे. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवली की तो स्वर निघतो.)

सगळ्या रूपांत दोन एस आहेत, फक्त तृतीय पुरुषी एकवचनात नाहीत. तिथे ई-यू-टी आणि एफ-यू-टी, आणि दोन्हींत यूवर टोपी. जुन्या स्पेलिंगमध्ये तिथे टीच्या आधी एस होता. तो गेला आणि त्याच्या जागी टोपी आली. १९९० च्या स्पेलिंग-सुधारणांनी आय आणि यू वरच्या पुष्कळ टोप्या ऐच्छिक केल्या, पण क्रियापदांच्या या प्रत्ययांवरची ठेवली. ती काढली की काळच बदलतो : टोपी असेल तर सबजंक्टिव्ह, नसेल तर पासे आंतेरिअर (आधी उरकलेल्या क्रियेचा लेखी भूतकाळ). उच्चार दोन्हींचा एकच, त्यामुळे कानाला काही कळत नाही.

एत्रची क्रियापदं तीच, जी पासे काँपोझेमध्ये (रोजच्या भूतकाळात) एत्र घेतात, आणि सगळी प्रोनॉमिनल ('स्वतःला' अर्थाचं सर्वनाम घेणारी). पार्तिसिपचे लिंग-वचनाचे नियमही तेच. 'एल फ्यू पार्ती' लिहिताना शेवटी जादा ई हवा. स्वतः एत्र मात्र आव्हवार घेतं : 'यू-तेते'. आव्हवारचं रूप तर 'इल यू यू' असं होतं. वाचताना तिथे छपाईची चूक समजू नका.

उंबरठा : अर्थाचा गोंधळ होतो कारण या एका रूपाला दोन वेगळी कामं आहेत. मराठीत त्या कामांना दोन वेगळी रूपं आहेत.

पहिलं काम गौण वाक्यातलं. मुख्य क्रियापद भूतकाळात आहे, त्याला सबजंक्टिव्ह लागतो आणि गौण वाक्यातली क्रिया त्याच्याही आधी उरकलेली आहे. 'ज क्रेन्ये किल न फ्यू पार्ती' : तो निघून तर गेला नसेल ना, अशी मला धास्ती होती. भीतीच्या क्रियापदानंतरच्या या 'न'ला नकाराचा जोडीदार 'पा' नाही, म्हणून तो नकार नव्हे. आपणही 'गेला नसेल ना' म्हणतो आणि भीती 'गेला असेल' याचीच असते. तो 'न' भाषांतरात नकार म्हणून आला की अर्थ उलटा होतो. 'बियाँ किल यू प्ल्यू' म्हणजे पाऊस पडून गेला होता तरी. 'इल आतांदे क नू-ज्यूस्यों फिनी' म्हणजे आमचं उरकेपर्यंत तो थांबला होता. तिथे उरकणं थांबण्याच्या नंतरचं, पण थांबणं संपण्याच्या आधी पुरं झालेलं, म्हणून हेच रूप.

दुसरं काम म्हणजे शाळेतला आपला संकेतार्थ. 'पाऊस पडला असता तर मी थांबलो असतो' : दोन्ही अंगांना एकच रूप. जुनी फ्रेंच अगदी तशीच बोलते : 'सिल यू प्ल्यू, ज फ्यूस रेस्ते'. फ्रेंच व्याकरणं याला कोंदिस्योनेल पासेचं (संकेतार्थी भूतकाळाचं) दुसरं रूप म्हणतात.

मराठी विद्यार्थ्यांची नेहमीची चूक इथूनच येते. आपल्या कानाला दोन्ही बाजू सारख्या हव्या असतात, म्हणून 'सी'नंतरही (सी म्हणजे जर) 'ओरे' (आव्हवारचं संकेतार्थी रूप) बसवला जातो : 'सी जोरे स्यू, ज सरे व्हन्यू'. हे प्रमाण फ्रेंचमध्ये चुकीचं. फ्रेंच मुलांना शाळेत घोकवतात की 'सी'ला 'रे' आवडत नाही. रोजच्या भाषेत 'सी'नंतर 'आव्हे' (आव्हवारचा साधा इंपार्फे) येतं आणि पुढच्या अंगात 'ओरे'. दोन्हीकडे सारखं रूप चालतं ते फक्त या टोपीवाल्या जुन्या थाटात. अर्धं-अर्धंही चालतं. क्लिओपात्राच्या नाकाबद्दलच्या पास्कालच्या वाक्यात 'सी'नंतर 'यू-तेते प्ल्यू कूर' आहे, तर पुढे साधं 'ओरे शांजे'.

वाचताना एक चाचणी करा. 'यू'च्या जागी 'ओरे' घालून बघा. बसलं तर 'झालं असतं'. 'सी'नंतर असेल तर 'आव्हे' घाला, बसलं तर 'झालं असतं तर'. 'क'नंतर (क म्हणजे की) असेल तर 'ए' (सबजंक्टिव्ह वर्तमान) घाला, बसलं तर पहिलं काम. तिन्ही बसली नाहीत, तर यू बहुधा बिनटोपीचा आहे. मग तो पासे आंतेरिअर, आणि त्याच्या आधी 'कां', 'लोर्स्क' (जेव्हा), 'दे क' (होताच), 'आप्रे क' (नंतर) असं काहीतरी सापडेल.

'सी' नसतानाही हा संकेतार्थ येतो, नुसत्या उलट्या क्रमाने : 'यू-तिल आंसिस्ते, एल ओरे आक्सेप्ते', म्हणजे त्याने आग्रह धरला असता तर ती कबूल झाली असती. 'न्यू-तेते ला प्लुई' : पाऊस नसता तर. 'की ल्यू क्र्यू' : कुणाला खरं वाटलं असतं! ही शेवटची दोन आजच्या वर्तमानपत्रातही भेटतात.

तिरकागज : वर सगळं बरोबर, पण एक सापळा राहिला. 'फ्यू'पुढे पार्तिसिप दिसलं की लगेच प्ल्यूस-क-पार्फे समजू नका. आधी क्रियापद एत्रचं आहे का बघा. 'पार्तीर'चं 'फ्यू पार्ती' म्हणजे निघून गेला असणं. 'प्युनीर' (शिक्षा करणं) मात्र आव्हवारचं, म्हणून 'किल फ्यू प्युनी' हा साधा इंपार्फे, कर्मणी : त्याला शिक्षा व्हावी. 'शिक्षा झालेली असावी' हवं तर 'किल यू-तेते प्युनी'. एकाच वाक्यात शिक्षा भीतीच्या आधीची की नंतरची, हे यावर ठरतं.

आणि 'आप्रे क'ला सबजंक्टिव्ह लागत नाही. छापील मजकुरातही 'आप्रे किल फ्यू पार्ती'वर टोपी ठेवलेली दिसते. 'आव्हां क'ला (च्या आधी) सबजंक्टिव्ह लागतो, म्हणून त्याच्या जोडीदारालाही लागेल असं वाटतं. पण झालेली गोष्ट निश्चित असते, तिथे इंडिकेटिव्हच (साधी, निश्चित विधानाची रूपं). टोपी काढायची.

कोरीपाटी : धन्यवाद. तीन वाक्यं करून बघितली. चुका दाखवाल का?
१. ती जेवली होती तरी : 'बियाँ केल फ्यू मांजे'.
२. मला कळलं असतं तर मी आले असते : 'सी ज्यूस स्यू, ज सरे व्हन्यू'.
३. त्याचं उरकल्यावर : 'आप्रे किल यू फिनी', यूवर टोपी.

तिरकागज : पहिल्या वाक्यात तिला कुणीतरी खाल्लं आहे. 'मांजे' आव्हवारचं, म्हणून 'फ्यू मांजे' हे कर्मणी झालं. मराठीत 'ती जेवली' हे 'ती गेली'सारखंच चालतं, कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून हात एत्रकडे जातो. 'बियाँ केल यू मांजे' हवं. आव्हवार असल्यामुळे पार्तिसिपला जादा ईही नको.

दुसरं बरोबर, मिश्र थाटाचं. 'आले असते' म्हणताय, तर 'व्हन्यू'च्या शेवटी ई लावा.

तिसऱ्यातली टोपी काढा. कारण वर आलंच आहे.

खडूफळा : वापरावं का, हे राहिलंच. गौण वाक्यात गरज नाही. २८ डिसेंबर १९७६ च्या फ्रेंच शिक्षण मंत्रालयाच्या आदेशाने परीक्षांमध्ये सवलत दिली : काटेकोर नियम प्ल्यूस-क-पार्फे मागतो तिथे सबजंक्टिव्ह पासे चालेल. म्हणजे 'ज क्रेन्ये किल न स्वा पार्ती' लिहिलं तर चूक धरायची नाही. बोलताना तर सगळे तेच म्हणतात. डेल्फच्या (फ्रेंचच्या प्रमाणपत्र-परीक्षेच्या) निबंधात 'नू-ज्यूस्यों' लिहिलं तर परीक्षकाला हसू येईल, गुण वाढणार नाहीत. प्रथम आणि द्वितीय पुरुषातली ही रूपं आज थट्टेतच शोभतात. फ्रेंच लोकही 'आंकोर यू-तिल फाल्यू क ज ल स्यूस' (पण मला ते माहीत असायला नको होतं का!) हे वाक्य मुद्दाम विनोदासाठी म्हणतात.

तृतीय पुरुषी एकवचन मात्र जिवंत आहे. 'इल यू फाल्यू' (करायला हवं होतं) आणि 'ओं-न्यू दी' (जणू काही) गंभीर लेखात बिनधास्त लिहा. टोपी विसरू नका, आणि एका लेखात दोनदाच्या वर नको.