शेवटच्या गल्लीतलं पाणी : लेआउटच्या (वसाहतीच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर

काकू (गल्ली 4): आज पाहटे नळ आले. सुरुवातीचं पाणी पिवळं, अन् नालीचा वास. बादलीत गाळ बसला, फोटो टाकला हाये. नातवाले कावीळ झाली, शाळा बंद हाये त्याची. बाजूच्या दोन घरी बी तेच. पालिकेत कोणी सांगितलं काय?

चक्कीवाले भाऊ: आमच्या गल्लीत तं साफ आलं काकू.

किराणावाले भाऊ: सांगून काय होते? तिथं आयकते कोण? जार लावून घ्या, डोक्याले ताप नाई.

सिस्टरताई: भाऊ, जार पिण्यापुरता असतो. भाजी, भांडी, दात घासणं सगळं नळाच्याच पाण्यावर होते. आणि थंड पाण्याचे जे जार गावात फिरतात त्यातल्या बहुतेकांवर कोणताच शिक्का नसते.
काविळीचे ए आणि ई हे विषाणू पाण्यातून येतात. पोटात गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात. म्हणजे आज ज्याला कावीळ दिसून राहिली त्यानं ते पाणी बहुतेक मागच्या महिन्यात प्यायलं, आणि आजच्या पाण्याचे पेशंट पुढच्या महिन्यात येतील. गल्ली 4 मध्ये कोणी गरोदर असेल तर मला आजच पर्सनलवर कळवा. ई प्रकार शेवटच्या तीन महिन्यांत बाईच्या जिवावर बेतू शकतो. काविळीची माळ घालायची तर घाला, पण रक्त तपासल्याशिवाय घरी बसू नका. पाणी खळखळ उकळूनच प्या.

किराणावाले भाऊ: बरोबर हाये ताई. पण एकच लाइन हाये ना, मंग त्याईच्याच गल्लीत घाण काहून येते?

नळ फिटिंगवाला भाऊ: मी सांगतो. आपल्या घराघरात गेलेले जीआय, म्हंजे लोखंडी, पाईप नालीतून गेलेले हायेत. जागोजागी जंग लागला, जॉइंट सैल झाले. नळ बंद असले का लाइन रिकामी होते, अन् त्या भोकातून नालीचं पाणी आत मुरते. वरून नळ आले रे आले का पयल्या तीन गल्ल्यांत सगळ्याईचे टिल्लू पंप, म्हंजे नळाले थेट जोडलेल्या लहान मोटरी, चालू. पंप लाइनीले चोखते. लाइनीत प्रेशर नाई, तं ते नालीतलं चोखते. शेवटी जे उरते ते काकूच्या घरी जाते. माया हातानं पाईप खोलले हायेत म्हणून सांगून राह्यलो, नालीतला गाळ आतून निंगते.

चक्कीवाले भाऊ: पंप काढला तं दुसऱ्या माळ्यावर पाणी कोण चढवन? आमचे म्हातारे वर राह्यतात.

नळ फिटिंगवाला भाऊ: भाऊ, मोटर काढा नाई म्हणत. खाली टाकं करा. नळाचं पाणी आपोआप टाक्यात पडू द्या, मंग टाक्यातून मोटरीनं वर घ्या. नळाले मोटर थेट जोडू नका एवढंच.

चक्कीवाले भाऊ: टाक्याले खर्च हाये बाप्पा. पाहू.

गुरुजी: मोठा मेसेज आहे, पण सगळ्यांनी वाचावा.
काल पालिकेत गेलो होतो. पाणीपुरवठा विभागातलं तक्रारीचं रजिस्टर मागून पाहिलं. आपल्या लेआउटची या वर्षातली एकही नोंद त्यात नाही. एकही नाही! गल्ली 4 मधली लेकरं आजारी पडून राहिली आणि कागदावर इथलं पाणी चांगलं आहे. उद्या पाइपलाइन बदलायचा प्रस्ताव करायला बसले तर आपलं नाव कोणत्या आधारावर येईल?
"सांगून काय होते" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकून राहिलो. या एका वाक्यानं या गावाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानं केलं नसेल. जवळपास चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा विचारायचं कोणाला हा प्रश्न खरा होता. आता 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, आपल्या प्रभागाला माणूस मिळाला. मत मागायला ते घरोघरी आले होते. आता आपण त्यांच्या घरी जायचं.
आपण काय केलं ते पाहा. बोअर खारी लागली, आरओ घेतला. नळ घाण आला, जार लावला. रस्त्यात चिखल झाला, वर्गणी काढून मुरूम टाकला. ज्याच्याजवळ पैसा होता त्यानं एकेक गोष्ट विकत घेतली आणि मोकळा झाला. उरली गल्ली 4. तिथं भाड्यानं राहणारे, रोजमजुरीवाले. त्यांनी एक दिवस पालिकेत घालवला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. बोलू शकणारे आपणच होतो आणि आपणच विचारणं सोडलं.
आपला खारपाणपट्टा आहे, जमिनीखालचं पाणी खारं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी पिण्यासारखं नाही म्हणून तर धरणाचं गोडं पाणी पाईपनं इथपर्यंत आणलं. ते मिळावं म्हणून आपल्या बापांनी मोर्चे काढले. त्या पाण्यात नालीचं पाणी मिसळून राहिलं, आणि आपण गप्प?
पिण्याचं पाणी आणि नाल्यांची सफाई ही 1965 च्या नगर परिषद अधिनियमाप्रमाणे पालिकेची बंधनकारक कामं आहेत. नळपट्टी आपण भरतो. त्यात उपकाराचा प्रश्न कुठं येतो?

सिस्टरताई: गुरुजी, क्लोरिनचंही विचारा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. ओटी टेस्टनं जागेवर कळते : नमुन्यात ओटीचं औषध टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरिन आहे. ही टेस्ट टाकीजवळ नाही, काकूंच्या नळावर करायला सांगा. पाण्याचा नमुनाही तिथूनच, निर्जंतुक बाटलीत घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावा. घरच्या बाटलीतला नमुना चालत नाही.

काकूंचा मुलगा (पुणे): मी इथून आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकतो, फोटोसकट. माहिती अधिकाराचा अर्जही करतो : टाकी कधी धुतली, क्लोरिनच्या रोजच्या नोंदी, आपल्या लाइनचं शेवटचं काम कधी झालं. फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागते. इथं बसून एवढंच होऊ शकते. समोर उभं राहायला तुम्हीच पाहिजे. आईला एकटीला पाठवू नका.

काकू (गल्ली 4): मी येतो ना. गल्लीतल्या बाया बी येतात, पण सकाळी. बाराले त्याईले निंदणाले जा लागते.

किराणावाले भाऊ: गुरुजी, किती वाजता?

गुरुजी: सोमवारी साडेदहा, पालिकेच्या गेटवर. मुख्याधिकारी साहेबांना अर्ज, एक प्रत नगरसेवकांना. अर्जावर आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याचा नोंद नंबर, घेतल्याशिवाय निघायचं नाही. मंगळवारी पाहटे नळ यायच्या वेळी त्यांचा माणूस गल्ली 4 मध्ये हजर पाहिजे, ही पहिली मागणी.

नळ फिटिंगवाला भाऊ: मी येतो. कुठं कुठं पाईप नालीत हाये त्याचा नकाशा काढून आणतो.

किराणावाले भाऊ: मी दुकान उशिरा खोलतो. सह्याईचा कागद उद्या दुकानात ठेवतो, चारही गल्ल्यांनी येऊन सही करा.

चक्कीवाले भाऊ: सोमवारी चक्कीवर गर्दी राह्यते. सही करतो.

गुरुजी: सही करा, आणि घरातलं कोणीतरी पाठवा. नळपट्टीची पावती सोबत असू द्या.