साइड प्रोजेक्ट, डार्क, ब्लूज, कंट्री: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. विषय आहे पोलंडचा ॲडम दार्स्की, म्हणजे नेर्गाल. १९९१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने ग्दान्स्कमध्ये 'बेहेमॉथ' हा मेटल बँड सुरू केला. काळा-पांढरा रंगवलेला चेहरा, घसा खरवडून काढलेला आवाज, ड्रम्सचा अखंड मारा. २०१० मध्ये रक्ताचा कर्करोग निघाला, अस्थिमज्जा बदलावी लागली. त्यातून उठून त्याने २०१४ मध्ये बँडचा 'द सेटनिस्ट' हा अल्बम काढला. आणि मग २०१७ मध्ये याच माणसाने जॉन पोर्टरला सोबत घेऊन एक अगदी वेगळा अल्बम केला, 'साँग्ज ऑफ लव्ह अँड डेथ'. पोर्टर मूळचा ब्रिटिश, पण पोलिश रॉकमध्ये १९८० पासून गाजलेला. अल्बममध्ये संथ गिटार, स्वच्छ खालचा आवाज आणि मृत्यू, सैतान, चर्च यांची गाणी. या जोडीचं नाव 'मी अँड दॅट मॅन'.

माझं वाक्य असं आहे: '______ मेटल वाजवणाऱ्या नेर्गालचा हा ______ म्हणजे ______ ब्लूज आणि ______ यांचा शोध आहे.'

पहिल्या रिकाम्या जागेत 'एक्स्ट्रीम'साठी मी 'जहाल' घातलंय. 'टोकाचं मेटल' अनुवाद वाटतं, 'अतिरेकी मेटल' तर नकोच. जहाल विष, जहाल औषध असं आपण म्हणतोच. बाकी तीन जागा, म्हणजे 'साइड प्रोजेक्ट', 'डार्क' आणि 'कंट्री', रिकाम्या आहेत. (ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं, खिन्न गाणं, आणि कंट्री तिथल्या खेड्यापाड्यांतलं.) इंग्रजी शब्द तसेच ठेवता येतील, पण हे वेगळेपण मराठीत सांगता आलं नाही तर लेख लिहून उपयोग काय, असं वाटतं.

प्रतिसाद १

साइड प्रोजेक्ट = जोडधंदा. सरळ आहे.

प्रतिसाद २

'जहाल' छान. पण त्याच्या पाठोपाठ एक धोका येतो, तो आधी सांगते. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटल्यापासून मराठी माणसाच्या डोक्यात जहाल म्हटलं की समोर 'मवाळ' उभा राहतोच. वाचक नकळत समजेल की बेहेमॉथ जहाल आणि हे दुसरं मवाळ, म्हणजे गडी आजारातून उठला आणि नरमला. तसं अजिबात नाही. या संथ गाण्यांत देवाशी भांडण तेवढंच कडवं आहे, आरडाओरडा थांबल्यामुळे उलट जास्त ऐकू येतं. लेखात 'मवाळ', 'हळुवार', 'सौम्य' हे तीन शब्द कुठेही येऊ देऊ नका.

मूळ लेखक

पटलं. 'हळुवार' दोन ठिकाणी लिहिलं होतं, काढलं.

जोडधंदा मीही लिहून पाहिला. पण जोडधंदा उत्पन्नासाठी असतो. शेतीत भागत नाही म्हणून दोन म्हशी पाळायच्या. इथे पोटाचा प्रश्न नाही. मुख्य बँडमध्ये जे मावत नाही त्याच्यासाठी केलेली ही जागा आहे.

प्रतिसाद ३

मग 'आंतरपीक' म्हणा. मी यवतमाळकडचा. आमच्याकडे कपाशीत तूर असते. कपाशीची ठरावीक तासं झाली की तुरीचं एक तास (आम्ही ओळीला तास म्हणतो). कपाशीची वेचणी सुरू होते तेव्हा तूर पिवळ्या फुलावर असते. सगळं रान पांढरं आणि मधूनमधून पिवळ्या रेघा, हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. जमीन एकच, पाऊस एकच, पिकं दोन. तुरीची मुळं खोल जातात, ती वेगळ्या थरातलं पाणी पितात, आणि शेंगवर्गीय असल्यामुळे ती जमिनीला नत्र परत देते. जोडधंद्यात म्हैस गोठ्यात आणि शेत लांब. आंतरपिकात दोन्ही एकाच मातीत. तुमच्या माणसाची माती तीच आहे ना? सैतान, चर्च, मरण हेच सगळं?

मूळ लेखक

तीच. शब्द आवडला. इतका की भीती वाटते, शहरी वाचक अडेल का?

प्रतिसाद ३

अडू द्या थोडा. दिवाळी अंक आहे, पाटी नव्हे.

प्रतिसाद ४

मी बास गिटार वाजवतो, कॉलेजात मेटल बँड होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आंतरपीक सुंदर आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे नातं. ब्लूज हे मेटलच्या शेजारचं पीक नाही, ते मेटलच्या आधीचं आहे. बर्मिंगहॅममध्ये १९६८ साली काही पोरांनी बँड काढला तेव्हा त्याचं नाव होतं 'पोल्का टल्क ब्लूज बँड'. मग 'अर्थ', आणि मग 'ब्लॅक सॅबथ'. १३ फेब्रुवारी १९७० ला त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातल्या पहिल्याच गाण्याची सुरुवात तीन सुरांची आहे. पेटीवर वाजवून बघा: सा, मग तार सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि तिथेच थांबायचं. पंचमावर जायचं नाही. आपल्या कानाला तीव्र मध्यमानंतर पंचम हवाहवासा वाटतो, तो मिळत नाही, आणि पोटात खड्डा पडतो. पुढचं सगळं जहाल मेटल त्या खड्ड्यातून वर आलंय.

ब्लूजमध्ये हीच अस्वस्थता गंधारात असते. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी तो सूर राहतो. बोटात काचेची नळी घालून, तार न दाबता, नुसती सरकवत त्याच्यापर्यंत जायचं. आपण मींड म्हणतो, जवळपास तेच. मी पहिल्यांदा नळी घालून वाजवलं तेव्हा सहा वर्षं मेटल वाजवलेली माझी बोटं पडद्यांवर दाबायला धावत होती. तो सूर पडद्यावर नसतोच, दोन पडद्यांच्या मधे असतो, हे हाताला पटायला महिना गेला.

आणि सैतान? तो तर मेटलवाल्यांनी ब्लूजकडूनच घेतला. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३७ साली 'मी अँड द डेव्हिल ब्लूज' गायलं तेव्हा सैतान दार ठोठावत घरी आला होता.

म्हणून मी म्हणेन, ब्लूज हे मेटलचं 'आजोळ' आहे. माहेर नव्हे. मधे रॉकची एक पिढी आहे, म्हणून आजोळ. नेर्गाल आजोळी गेलाय.

प्रतिसाद २

आजोळ! हे लेखाचं शीर्षक होऊ शकतं. फक्त वाक्यात बसवताना जपा. 'साइड प्रोजेक्ट' या वस्तूला आंतरपीक म्हणता येतं. आजोळ ही जागा आहे, तिथे जाता येतं, ती काढता किंवा करता येत नाही. दोन्ही शब्द ठेवा, पण एकमेकांच्या जागी नको.

आता 'डार्क'. काळा ब्लूज, गडद ब्लूज, अंधारा ब्लूज, सगळे पडतात. 'काळा' रंगाचा, आणि ब्लूजच्या बाबतीत तर माणसांच्या वर्णाचा अर्थ लगेच चिकटेल, ते गैर होईल. 'गडद' कापडाला ठीक. माझं मत 'काळोखी'. अंधार आणि काळोख आपण एकच समजतो, पण क्रियापदं बघा. अंधार पडतो, अंधार होतो. काळोख दाटतो, काळोखात बुडता येतं. अंधार म्हणजे उजेड नाही एवढंच. काळोखाला वजन आहे, जणू ती एक वस्तू आहे. दिवे गेले की अंधार. काळोख त्याहून जुना. या गाण्यांत दिवे गेलेले नाहीत, काहीतरी दाटून आलंय.

प्रतिसाद ५

'मळभ' का नाही? मनावर मळभ येतं म्हणतोच आपण.

प्रतिसाद २

मळभ ब्लूजसाठी उत्तम आहे, नुसत्या ब्लूजसाठी. पण मळभाला पाऊस किंवा ऊन, काहीतरी शेवट असतो. ते जाणारं आहे. काळोखी ब्लूजमध्ये जाण्याची खात्री नाही.

प्रतिसाद ६

कुणी 'निळे सूर' सुचवायच्या आत लिहितो, कारण हे मी छापलेलं पाहिलंय. इंग्रजीत खिन्नतेला 'ब्लू डेव्हिल्स' म्हणत. १७९८ साली या नावाचं एक प्रहसनही लंडनमध्ये झालं. ब्लूज हा शब्द त्या निळ्या भुतांच्या घराण्यातला. मराठीत निळा कधीच उदास नव्हता. निळा म्हणजे कान्हा, निळा म्हणजे पंढरीचा सावळा, आपल्याकडे निळोबा नावाचे संत झाले. आणि निळा म्हणजे जयभीमचा झेंडा, मान ताठ करणारा रंग. त्या रंगावर परक्या भाषेतली खिन्नता लादू नका. ब्लूज ब्लूजच राहू द्या. जसं जॅझ, जशी गझल.

मूळ लेखक

याला पूर्ण अनुमोदन. ब्लूज तसाच ठेवतो. कंट्रीचं काय? मी 'ग्रामीण' लिहून खोडलं, सरकारी योजनेसारखं वाटलं.

प्रतिसाद ७

'ग्राम्य' तर मुळीच नको, काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष आहे. गंमत म्हणजे त्यांच्याकडेही हेच झालं. या संगीताला पूर्वी 'हिलबिली' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत खेडवळ. १९४९ साली 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाने आपल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं नाव बदलून 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं. कमीपणा दाखवणारा शब्द जाऊन नुसता मुलूख दाखवणारा आला. म्हणून मी 'गावरान' सुचवतो. गावरान तूप, गावरान बोर, यात कमीपणा नाही, अस्सलपणा आहे.

आणि नेर्गाल ज्याला मानतो त्या कंट्री गायक जॉनी कॅशचा एक दुवा लेखात जरूर घाला. रिक रुबिन या निर्मात्याने १९८६ मध्ये 'स्लेयर' या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' हा अल्बम केला, जहाल मेटलमधला पायाचा दगड. त्याच रुबिनने १९९४ मध्ये साठी ओलांडलेल्या कॅशला बसवून 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' केला, बहुतेक नुसता आवाज आणि एक गिटार. म्हणजे ही वाट नेर्गालच्या आधी मळलेली आहे.

प्रतिसाद ४

गावरान ठीक, पण गावरान शब्दाला ऊन आणि चुलीचा वास आहे. कॅशच्या आवाजाला नाही. 'माळावरची गाणी' कसं वाटतं? माळावर एकटेपणा आपोआप येतो.

प्रतिसाद ८

नावाबद्दल कुणी बोललं नाही. 'मी अँड दॅट मॅन' देवनागरीत लिहिलं की पहिला शब्द मराठीच होतो, अर्थासकट. मराठी वाचकाला फुकट मिळालेलं आहे हे, दाखवून द्या.

आणि 'दॅट मॅन'चं 'तो माणूस' करू नका, नुसतं 'तो' करा. 'मी आणि तो'. आमच्या कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, किरडू म्हणतात, लांबडं म्हणतात. आजी दिवा घेऊन परसात जाताना म्हणायची, 'बघून पाय टाक, तो असेल.' कोण ते सांगायची नाही. वर जॉन्सनच्या गाण्याचा उल्लेख आलाय, तिथे सैतान नाव घेऊन येतो. इथे तो नुसता 'तो' आहे. मला हे नाव जास्त भीतिदायक वाटतं.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं झालंय:

'जहाल मेटल वाजवणाऱ्या नेर्गालचं हे आंतरपीक म्हणजे काळोखी ब्लूज आणि माळावरची गाणी.'

'शोध' गळला, बरं झालं. आजोळ पुढच्या परिच्छेदात घेतोय. पोर्टर जोडीतून बाहेर पडल्यानंतरच्या २०२० आणि २०२१ च्या दोन अल्बमबद्दल लिहिताना ते उपयोगी पडेल, कारण तिथे इहसान, कोरी टेलर, मॅट हीफी अशी सगळी मेटलची मंडळी पाहुणी म्हणून आलीत. एकट्याचं आजोळ नव्हतंच ते.

एकच राहिलं. त्याच्या या गाण्यांतल्या आवाजाला मी 'घोगरा' म्हटलंय. चालेल?

प्रतिसाद ४

नको. घोगरा आवाज थंडीने होतो, जागरणाने होतो, तो बसलेला आवाज आहे. हा माणूस पंचवीसेक वर्षं गुरगुरल्यानंतर मुद्दाम खाली उतरून गातोय. 'खर्जातला' म्हणा.