प्रार्थनेत आजार सांगितला, तिसऱ्या दिवशी डबे घरी आले. नाही कसं म्हणू?

फतेहगंजची सून

सर्वांना सलाम. थोडं लांब होईल, पण इथे कुणालाच सांगता येत नाहीये.

माहेर नगरकडचं, लग्न होऊन बडोद्याला आले त्याला १७ वर्षं झाली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, १४० कुटुंबं आहेत. उपासना गुजरातीत होते, मराठी घरं पाच-सहाच. त्यातल्या एका बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. नात्याच्या नाहीत, पण माझ्या मोठ्याच्या वेळी सातवा महिना अवघड गेला तेव्हा त्या रोज संध्याकाळी मांडवीहून रिक्षा करून यायच्या आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये घरगुती प्रार्थनासभा आमच्याकडे होती. प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी सासूबाईंची शुगर सांगितली. उपाशीपोटी २४०, आणि पायाची जखम भरत नाही. तिसऱ्या दिवशी मावशी आल्या, पिशवीत पावडरचे दोन डबे. "हे सुरू करा, गोळ्या हळूहळू सुटतील." एक डबा २,८५० रुपयांचा. माझी जीभच उचलली नाही, दोन्ही घेतले.

मग कळलं, त्याच सभेत एकीने मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना मागितली होती, तिच्याकडे मावशी "मुलाची आयडी लावा" म्हणून गेल्या, म्हणजे त्याला त्यांच्या साखळी विक्रीच्या कंपनीचा सभासद करा. दुसरीने पित्ताचं सांगितलं होतं, तिच्याकडे ज्यूसची बाटली. महिला मंडळात प्रार्थनेच्या विषयांची एक वही असते. मावशी सेक्रेटरी, त्यामुळे वही त्यांच्याकडेच. हे डोक्यात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या वहीत लोकांनी नवऱ्याचं पिणं लिहवलंय, मुलींची मोडलेली लग्नं लिहवलीत.

आता मला म्हणतात, १८,५०० चं पॅकेज घे, खाली तीन बायका आण, तुझे पैसे सुटतील, हेही देवाचंच काम आहे. मिस्टर मकरपुऱ्यात कामाला आहेत. ते म्हणतात, सरळ नाही सांग. पण पुढच्या रविवारी त्यांच्याच शेजारी बसून प्रभुभोज घ्यायचा आहे. आणि सासूबाईंनी रात्रीची गोळी बंद केली आहे, ते कालच लक्षात आलं.

सिस्टर, निवृत्त

बाकीचं नंतर वाचा. आजच गोळी सुरू करा, मनाने कमी-जास्त नको, डॉक्टरांनी लिहिली तेवढीच. २४० शुगर आणि न भरणारी जखम म्हणजे पाय धोक्यात आहे. मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, असे पाय घोट्याच्या वरून कापावे लागलेले पाहिलेत. उद्या सकाळी जखम दाखवून या. डब्याची मागची बाजू वाचा, औषध म्हणून वापरण्यासाठी नाही असं छापलेलं असेल. पूरक आहाराच्या डब्यांवर ते छापावंच लागतं. सासूबाईंना ते वाचून दाखवा.

नाशिकरोडचा

ताई, मी हेच काम २०१२ ते २०१६ केलं, आणि मंडळीतच केलं. म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी ट्रेनिंगमध्ये कोरी वही देतात आणि शंभर नावं लिहायला लावतात. नातेवाईक, शेजारी, शाळासोबती. मी बत्तीसवर अडलो. अपलाइन, म्हणजे मला यात आणणारा माझ्या वरचा माणूस, म्हणाला, तुमच्या चर्चची डिरेक्टरी असेल ना? होती. १९० नावं, फोन आणि लग्नाच्या वाढदिवसांसकट. मी ती समोर ठेवून उतरवून काढली. वाढदिवसाला फोन करायचा, प्रार्थना करायची, आणि शेवटी "एक प्लॅन दाखवायचा होता." त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगताना अंगावर काटा येतो.

आपलीच माणसं यात लवकर का अडकतात, याचा मी पुष्कळ विचार केला. हॉलमधल्या मीटिंगला मंचावर एक जण येतो आणि सांगतो, मी कर्जात होतो, अंधारात होतो, मग एका भावाने मला प्लॅन दाखवला, आज माझ्याकडे गाडी आहे. आपण संडे स्कूलपासून साक्ष, म्हणजे देवाने आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं, ऐकत आलेलो. तीच चाल कानावर पडली की मन आपोआप मोकळं होतं, तपासायचं सुचत नाही. आणि पैसे नाही आले तर? तुमचा विश्वास कमी पडला. हे वाक्य मी स्वतः एका विधवा बाईंना म्हणालो आहे. त्यांचे ९,००० रुपये गेले होते. २०१९ ला घरी जाऊन परत केले, माफी मागितली. त्यांनी चहा केला, पण मंडळीत त्या पुन्हा आल्या नाहीत.

तुमच्या १४० कुटुंबांचा हिशोब करा. एकीने तीन आणायच्या, त्या तिघींनी तीन-तीन. ३, ९, २७, ८१, आणि पाचव्या पायरीला २४३. मंडळी तिथेच संपली. तेराव्या पायरीला एकट्या १५,९४,३२३ बायका लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत सगळ्या बडोदा शहराची लोकसंख्या १६ लाख ७० हजारांच्या आसपास होती, म्हातारी-तान्ही धरून. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना खाली आणायला कुणी उरत नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं त्याच पायरीवर असतात.

एक कळकळीने सांगतो. "आत्ता नको, दिवाळीनंतर बघू" असं म्हणू नका. असं म्हणणाऱ्याचं नाव फॉलोअपच्या पानावर जातं. मावशींना एकटं भेटा आणि "मी यात येणार नाही" एवढं स्पष्ट सांगा. आणि त्या किती बुडाल्यात तेही विचारा. मी आत होतो तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

वसईची एक आई

सगळ्यांना एका मापाने मोजू नका. मी आठ वर्षं क्रीम-साबण विकते, दोन मुलींची फी त्यातून भरली. विकणं पाप नाही, पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरलं. पण दोन गोष्टी मी पाळते. चर्चच्या आवारात पिशवी उघडत नाही, आणि आजारी माणसाला काही विकत नाही. प्रार्थनेची वही वापरणं मला फार लागलं. पाळकसाहेबांना हे कळायलाच हवं.

जुना वकील, रावपुरा

वसईच्या ताईंचं बरोबर आहे, थेट विक्री, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकणं, कायदेशीर आहे. फरक माल कुठे जातो त्यात आहे. अमेरिकेत १९७९ साली अॅमवेच्या प्रकरणात तिथल्या व्यापार आयोगाने ती थेट विक्रीची कंपनी पिरॅमिड, म्हणजे नुसती माणसं आणण्यावर चालणारी योजना, नाही असं ठरवलं, ते तिच्या तीन नियमांमुळे. आधीचा ७० टक्के माल खपल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, महिन्याला दहा किरकोळ ग्राहक दाखवायचे, न खपलेला माल परत घ्यायचा. म्हणून मावशींना एकच विचारा, आयडी नसलेल्या किती माणसांनी डबा घेतला?

आपल्याकडे २८ डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे नियम आहेत. पिरॅमिड योजनेला बंदी आहे. "दुसरे ग्राहक आणा, तुमची किंमत सुटेल" असं सांगून माल विकायलाही मनाई आहे, आणि तुम्हाला अगदी हेच सांगितलं गेलंय. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ याशिवाय विक्रेत्याने घरी यायचं नाही. सामील होणाऱ्याला करार मोडण्यासाठी मुदत द्यावी लागते. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि माल नावापुरता, पैसे नुसते माणसं आणण्याचे, असं असेल तर १९७८ चा कायदा लागतो, तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, मेसेज, डबे, काही फेकू नका.

फतेहगंजची सून

सिस्टर, गोळी त्याच रात्री सुरू केली. जखम दाखवली, एक दिवसाआड ड्रेसिंग आहे. डॉक्टर रागावले, पण वेळेत आणलं म्हणाले.

काल मावशींकडे गेले. "मी येणार नाही" म्हटलं आणि त्यांच्याआधी मीच रडले. मग वकीलकाकांचा प्रश्न विचारला. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग उठून कपाट उघडलं. खालचे दोन्ही कप्पे डब्यांनी भरलेले. आयडी नसलेल्यांनी घेतलेले डबे तीन, त्यातले दोन माझे. बांगड्या गहाण आहेत, हे त्यांच्या मुलालाही माहीत नाही. वहीबद्दल मी बोलले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "मला वाटलं देवच दार दाखवतोय," एवढंच म्हणाल्या. वही टेबलावरच होती. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. शनिवारी आम्ही दोघी पाळकसाहेबांकडे जाणार आहोत, तिथे ते बोलावं लागेल.

वकीलकाका, त्यांनी गेल्या महिन्यात सुनेच्या नावाने आणखी एक पॅकेज घेतलंय. करारावर रद्द करायची मुदत ३० दिवस लिहिली आहे, आज २६वा. ईमेल केला तर चालेल का?

जुना वकील, रावपुरा

ईमेल आजच करा, सुनेच्या नावाने, करारावरच्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर. तेच पत्र छापून, सही घेऊन उद्या स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पॅकेजचं सील फोडलं नसेल तर फोडू देऊ नका.