गवतावरून चेंडू उंच उचलणारा फेअरवे वूड कोणता घ्यावा?

मुळाकाठ
माझे वय 58 आणि हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा; कमी तितका चांगला) 24 असून मी पुण्यात गोल्फ खेळतो. टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, बरा बसतो, साधारण 200 यार्ड जातो. परंतु 15 अंशांच्या तीन नंबर वूडने (फेअरवेच्या आखूड गवतावरून लांब मारायच्या क्लबने) गवतावरून मारलेला चेंडू कमरेच्या वर क्वचितच जातो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर तो धावून अंतर भरून काढतो, पावसाळ्यात मात्र पडतो तिथेच रुततो. चेंडू उंच उडवणारा आणि फटका थोडा चुकला तरी सांभाळून घेणारा वूड हवा आहे. निवडताना नेमके काय पाहावे?

बंकरवासी
आधी ब्रँड बाजूला ठेवून लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे झुकलेला कोन, पाहावा. 15 अंशांचा क्लब टीविना उंच उडवायला जो वेग लागतो, तो आपल्याकडे असावा असे आपल्या ड्रायव्हरच्या अंतरावरून दिसत नाही, आणि तो नसल्यास महागातला महाग तीन नंबरही हेच करील. 18 अंशांचा पाच नंबर किंवा, माझ्या मते त्याहून योग्य, 21 अंशांचा सात नंबर घ्यावा. लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो, चेंडू हवेत अधिक वेळ राहतो, आणि स्लाइसची (उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळण्याची) वळणेही सौम्य होतात. शाफ्टही (दांडाही) आखूड असल्यामुळे चेंडू क्लबफेसच्या मध्यावर बसण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर हेडचा (क्लबच्या डोक्याचा) आकार पाहावा. क्लबफेस उंचीला कमी आणि हेड मागे पसरलेले असेल, तर वजन खाली व मागे जाते. अशा हेडचा गुरुत्वमध्य गवतावरच्या चेंडूखाली सहज पोहोचतो आणि टो (बाहेरचे टोक) किंवा हीलकडे (दांड्याकडची बाजू) बसलेल्या फटक्यावर हेड कमी पिळते. मॉडेलच्या नावातले ‘मॅक्स’ बहुधा याच घडणीकडे निर्देश करते, तर ‘टूर’ किंवा ‘एलएस’ असे लिहिलेली हेड कमी स्पिनसाठी असतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. सात नंबर म्हणजे म्हातारपणाची काठी, असे क्लबहाऊसमध्ये हमखास ऐकायला मिळेल. अमेरिकन गोल्फपटू डस्टिन जॉन्सनने 2020 ची मास्टर्स स्पर्धा 20 अंडर पारने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 20 कमी) जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबर वूड होता, एवढे सांगून पुढे चालावे.

रफमधला माणूस
सात नंबरऐवजी हायब्रिडचाही (वूड आणि आयर्न यांच्या मधल्या क्लबचाही) विचार व्हावा, असे मला वाटते. पावसाळ्यात रफ (फेअरवेबाहेरचे उंच गवत) दाट होतो आणि त्यातून लहान हेड अधिक सहज निघते. आपला फटका आयर्नसारखा (पातळ धातूच्या हेडच्या क्लबसारखा) वरून खाली येत असेल तर हायब्रिड जास्त मानवेल.

बंकरवासी
रफपुरते मान्य आहे. तथापि प्रश्न फेअरवेवरून उंचीचा आहे, आणि समान लॉफ्टच्या हायब्रिडपेक्षा वूडचा गुरुत्वमध्य अधिक मागे असल्याने चेंडू सहसा अधिक उंच जातो व ग्रीनवर (भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) अधिक उभा उतरतो.

मुळाकाठ
दोघांचेही आभार. दुकानदार लॉफ्ट बदलता येणारा पाच नंबर सुचवतो आहे. तोच वाढवून सात नंबरसारखा वापरता येईल का?

शाफ्टवेडा
पूर्णपणे नाही. अशा होझलने (हेड व शाफ्ट जोडणाऱ्या भागाने) लॉफ्ट साधारण दीड-दोन अंशच वाढतो आणि त्याबरोबर क्लबफेस थोडा बंद होतो, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूसाठी डावीकडे वळतो. आपला चेंडू उजवीकडे जात असेल तर हे उपयोगीच, पण सरळ जात असेल तर नवी डोकेदुखी. शाफ्टची लांबीही पाच नंबरचीच राहते. शाफ्टबाबत म्हणाल तर स्टिफ (कमी वाकणारा) घेऊ नये. रेग्युलर आणि त्याहून मऊ, दोन्ही मारून पाहावेत. चाचणी मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) मात्र करू नये, कारण चेंडूच्या मागे आदळलेले हेडही मॅटवरून घसरून पुढे जाते आणि वाईट फटका बरा वाटतो. डेमो क्लब मागून सकाळच्या ओल्या फेअरवेवर नेता आला तर उत्तम, आणि तिथे चेंडू एकूण किती गेला याऐवजी तो पडला कुठे, तेवढेच पाहावे.