फोमने आवाज अडत नाही हो

एकाने विचारलंय की घरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत चारी भिंतींना फोम चिकटवला तर शेजाऱ्यांना ड्रम्स ऐकू जाणार नाहीत ना. जातील की! फोम फक्त खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर वजन लागतं, म्हणजे जिप्सम बोर्डचे दोन थर, मागे पोकळी आणि दाराखालची फट आधी बंद, तिथून आवाज बिनदिक्कत निसटतो. बेसचं, म्हणजे खालच्या जाड आवाजाचं, तर विचारूच नका, १०० हर्ट्झची लहर जवळपास ३.४ मीटर लांब, २ इंची फोम तिला काय डोंबल रोखणार! खोलीतला बेसचा घुमारा आवरायला कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या तंतूंच्या लोकरीचे) जाड पॅनेल उभे करा. मग मिक्सिंगच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवायच्या, खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, त्यात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानात येतो, म्हणून तिथेच पॅनेल लावायचं, छतालाही हेच.