फोंड्याच्या परसातली बाग: आराखडा बघाल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही मेलबर्न सोडून कायमचे गोव्याला परततोय. फोंड्याजवळ सासऱ्यांचं घर आहे, मागे साधारण १५०० चौरस मीटर उतरती जमीन. चार माड, एक फणस, बाकी रान माजलंय. मी परमाकल्चरचा (निसर्गाच्या रचनेप्रमाणे बाग-शेती आखायची पद्धत) ऑनलाइन कोर्स केला आणि आराखडा काढलाय, सोबत जोडते आहे. घराच्या वरच्या अंगाला समपातळीवर लांब चर, खाली फळझाडं, भाजीचे वाफे. आल्याआल्या जेसीबी लावून चर खणून घ्यावेत असा विचार आहे. काका, तुम्ही तिकडे जाऊन बाग केलीत. जरा नजर टाकाल?

———

बाय,

आराखडा दोनदा बघितला. झाडांची निवड चांगली आहे. जेसीबी मात्र एक पावसाळा जाईपर्यंत आणू नकोस.

मी हाच चर खणला होता. परमाकल्चर मांडलं ते मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी, १९७०च्या दशकात टास्मानियात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागांत पडेल तो थेंब अडवणं हेच मोठं काम, म्हणून समपातळीचा चर तिथे इतका उपयोगी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. माझ्या चराला मी पाणी बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. जुलैत तो तुडुंब भरला, पाणी मुरत मुरत स्वयंपाकघराच्या चिऱ्याच्या भिंतीत उतरलं. भिंत दोन वर्षं ओली होती. खालच्या दोन पोफळी मुळं कुजून गेल्या. आता चर आहे, पण किंचित ढाळाचा, टोकाला सांडवा आणि तिथून घराला वळसा घालून केळींत जाणारा पाट.

गोव्यात पाणी जुलैत वाटेला लावायचं असतं आणि एप्रिल-मेसाठी राखायचंही असतं. दोन्ही एकाच बागेत. हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमलंय त्यांची कुळागरं, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या जुन्या मिश्र बागा, फोंडा, सांगे, सत्तरीत आहेत. आल्यावर आधी एखादं नीट फिरून बघ. झरीचं पाणी पाटाने झाडाझाडापाशी कसं नेलंय ते बघ. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरी, मध्ये केळ नि जायफळ, जमिनीलगत अननस, हळद. तुझ्या कोर्समधले थर तिथे उभे दिसतील, आणि कुळागरात काम करणारा माणूस उतार बघूनच पाणी कुठे जाईल ते सांगेल. त्याला दिवसभर बरोबर घे, रोजगार दे, प्रश्न विचार.

छपराचा हिशेब कर. १०० चौरस मीटर छपरावर मोसमात ३ लाख लिटर पाणी पडतं. टाकी कितीही मोठी घेतलीस तरी पुरणार नाही, म्हणून टाकी भरल्यावरचं पाणी गाळून विहिरीकडे ने.

उन्हाळ्यासाठी नारळाची सोडणं गोळा कर. माडाच्या बाजूला चर खणून पोकळ बाजू वर ठेवून थर लावायचे, वर माती. पाणी धरून ठेवतात, पाच-सहा वर्षं तरी काम देतात. पालापाचोळा जाळू नकोस, झाडांखाली पसर, फक्त खोडाला टेकवू नकोस, वाळवी लागते. न्हाणीचं पाणी अळू आणि केळीला.

डिसेंबर ते मे हात रिकामे राहणार नाहीत. तांबडी भाजी, मिरची, वाल लाव. मग जूनमध्ये मुसळधार पाऊस पडत असताना छत्री घेऊन सगळी जमीन चाल. पाणी कुठून येतं, कुठे साचतं तिथे खुंट्या ठोक. आराखडा त्या खुंट्यांवरून काढ.

———

काका, मनापासून आभार. जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. तुमची मेल सासूबाईंना वाचून दाखवली, तर त्या म्हणाल्या, फणसाच्या मागून एक पाट होता, त्यांच्या लग्नानंतरही वाहायचा. रानात बुजला असणार. डिसेंबरात आधी तोच शोधते. सोडणं कुठे मिळतील?

———

पाट सापडला तर काही खणायच्या आधी मला बोलाव, बघायला येतो. सोडणं माझ्याकडे ढीगभर आहेत, टेम्पो पाठव.